सात पुस्तकांची खाकी कव्हरं

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू दारांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलंस आणि विचारलंस, "आजी, याचं स्वयंपाकघराचं दार कुठं गेलं?" मी म्हटलं, सांगते. तेवढ्यात तुझा भाऊ मध्ये घुसला, त्याने फोन चाटला आणि कॉल बंद झाला. म्हणून आता लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवील. तू मराठी छान बोलतेस, वाचायला अजून वेळ आहे, आणि त्याची मला आता घाई राहिलेली नाही. घाई का राहिली नाही, तेही यातच येईल.

मी नांदेडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं शिक्षणही इंग्रजीतून झालं. घरात याची थोडी थट्टा चालते. तुझे आजोबा मला अजून 'मॅडम' म्हणतात, विशेषतः मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की. मला वस्तू जागच्या जागी लागतात. डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागतात. तुझे बाबा शाळेत होते तेव्हा दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, मी एका बैठकीत त्यांच्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालायची. खाकी कागद, कोपरे नीट दुमडलेले, वर लेबल, लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. वर्ष संपलं तरी ती पुस्तकं नव्यासारखी राहायची आणि मी ती पुढच्या मुलांना द्यायची. पुस्तक फाटणं ही आमच्या घरात होऊ शकणारी गोष्ट नव्हती.

तुझ्या भावाच्या वेळी तुझी आई बाळंतपणाला लातूरला, तिच्या माहेरी आली. तिला सहावा महिना होता. तू बरोबर होतीस, अडीच वर्षांची. बाबा बाळाच्या वेळेला मागून येणार होते. ठरलं असं होतं की बाळ सव्वा महिन्याचं झालं की तुम्ही सगळे नांदेडला यायचं आणि निवांत महिनाभर राहायचं. माझ्या हातात भरपूर दिवस होते. मी तुझ्यासाठी आणि येणाऱ्या बाळासाठी पुस्तकं निवडायला घेतली.

हे काम मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. ज्या दुकानातून मी जन्मभर वह्या आणि लाल पेनं घेतली तिथे आधी गेले. दुकानदार ओळखीचा.

"कितवीला आहे नात, मॅडम?"

"कितवीलाच नाही. अडीच वर्षांची आहे."

"मग हे घ्या. एबीसीडी गिरवायचं, हे एक ते शंभर, आणि हे सुलेखन."

"अहो, तिला पेन्सिल धरता येत नाही अजून."

"पुस्तक घरात आलं की येतं आपोआप," असं म्हणून त्याने फळांचा एक तक्ता गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. त्यातलं सफरचंद आणि टोमॅटो यांत फरक फक्त नावाचा होता.

मग काही पुस्तकं मी घरबसल्या मागवली. उरलेली लातूरला मिळाली. तुझ्या आईला भेटायला गेलो होतो तेव्हा तिथे एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तुझे आजोबा बाहेर चहाच्या टपरीवर बसले आणि मी आत दोन तास लहान मुलांच्या टेबलापाशी उभी राहिले. पुठ्ठ्याची पानं हवीत हे मला माहीत होतं. पण कोपरे गोल हवेत, हे एका पुस्तकाचा कोपरा माझ्याच तळहातात रुतला तेव्हा कळलं. एका पानावर एकच चित्र असलं तर डोळा ठरतो. वीस चित्रं कोंबली की माझाही डोळा भिरभिरत होता, मग अडीच वर्षांच्या मुलीचं काय होणार. शाईचा वास घेऊन पाहिला, कारण पुस्तक तोंडात जाणार. आवाजाच्या पुस्तकात बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते पाहिलं. विक्रीवरची मुलगी माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, तुम्ही पुस्तक बघताय का भोपळा?"

घरी आणली तेव्हा सात पुस्तकं झाली. एकात प्राण्यांचे मोठे फोटो, पानाला एक. एकात मेंढीच्या जागी खरी लोकर आणि माशाच्या जागी गुळगुळीत कागद, हात फिरवून बघायला. एकात भोक होतं, मागून बोट घातलं की त्याची सोंड व्हायची. एक आवाजाचं, त्यातली गाय असं काही हंबरायची की तुझे आजोबा म्हणाले, ही आपल्या भागातली नाही, हिला आधी कडबा दाखवा. एक मराठी पुस्तक होतं, आठवडी बाजाराचं. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची गाडी, शेरडं, उसाचा रस. पानाला एकच चित्र हा माझा नियम मी त्याच्यासाठी मोडला, कारण तो बाजार मला मुखेडच्या बाजारासारखा वाटला. माझी पहिली नेमणूक तिथली होती. एक बाळासाठी, नुसत्या काळ्या-पांढऱ्या रंगातल्या चेहऱ्यांचं, कारण तान्ह्या बाळाला आधी तेवढंच स्पष्ट दिसतं असं मी वाचलं होतं. आणि सातवं दारांचं. एक घर, प्रत्येक पानावर एक खोली, आणि खोलीखोलीत पुठ्ठ्याची छोटी दारं, कपाटं, पेट्या. उघडली की आत कोणीतरी बसलेलं.

आता माझी चूक सांगते.

मी सातही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. लेबलं लावली, एक ते सात क्रमांक दिले. दारांच्या पुस्तकाची दारं मला फार नाजूक वाटली. पहिल्याच दिवशी तू सगळी उघडशील, दुसऱ्या दिवशी फाडशील आणि तिसऱ्या दिवशी तुला त्यात रस राहणार नाही, असा मी हिशेब केला. म्हणून प्रत्येक दारावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. रोज एकच दार उघडायचं. महिन्याला पुरली पाहिजेत. शाळेत असताना उद्या वर्गात काय शिकवणार ते आम्हाला आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवावं लागायचं, त्याला टाचण म्हणतात. मी तुझं टाचण काढलं. पहिला दिवस, पुस्तक क्रमांक एक, पान पहिलं. उद्दिष्ट, पाच इंग्रजी शब्द.

तुझ्या आजोबांनी ती वही चष्मा लावून वाचली. म्हणाले, "छान. परीक्षा कधी ठेवलीय पोरीची?"

मी वही परत घेतली आणि दुसरा दिवस लिहायला लागले.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा लातूरहून फोन आला. तुझ्या आईचं बीपी वाढलं होतं, पायांवर सूज होती. डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल करून घेतलं आणि बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. निदान तीन आठवडे. उठायचं नाही, दगदग नाही, काळजी तर मुळीच नाही. तुझ्या लातूरच्या आजीला दिवसरात्र तिच्याजवळ थांबणं भाग होतं. लातूरचे आजोबा शेतावर, हरभऱ्याची पेरणी चाललेली. तू कुठे राहणार, हा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर एकच होतं.

आम्ही तुला घ्यायला गेलो. तुझी आई पलंगावरून माझा हात धरून म्हणाली, "आई, ती तुमच्याकडे राहिली तर मी इथं पडून राहीन. पण ती राहिली नाही, रडत बसली, तर मला नाही जमणार. मी डॉक्टरांना सांगून घरी येईन."

"असं करू नकोस," मी म्हटलं.

"मी सांगून ठेवते आहे, आई."

ती सहसा असं बोलत नाही. बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी जायचं नाव काढू नका. बाळाचाही प्रश्न आहे आणि आईचाही." म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन ठेपलं होतं. खरं म्हणजे माझ्यावर.

तू अहमदपूरपर्यंत रडलीस, मग लोह्यापर्यंत झोपलीस, मग नांदेडपर्यंत पुन्हा रडलीस. घरी आल्यावर दाराजवळच्या चपलांच्या कपाटाला टेकून बसलीस आणि तिथून हलायला तयार नाहीस. तुझी माझी ओळख होती, पण ती फोनमधली. फोनमधल्या आजीला तू रोज टाटा करायचीस, पापा द्यायचीस. त्या आजीला पाय असतात आणि ती अंगावर चालून येते, हे तुला मंजूर नव्हतं. मी खोलीत आले की तू कपाटाकडे तोंड फिरवायचीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाचणाप्रमाणे सुरुवात केली.

मी जमिनीवर बसले. पुस्तक क्रमांक एक काढलं. तू बघितलंसही नाही. बघणार तरी काय? तुझ्यासमोर एक खाकी चौकोन होता. दोन नंबर काढला, तोही खाकी चौकोन. मग मी वहीतला क्रम सोडून एकदम सातवं, दारांचं, काढलं आणि पान उघडून तुझ्यासमोर धरलं. तेव्हा मात्र तू वळलीस. स्वयंपाकघराचं पान होतं. तू सरळ दारावर बोट ठेवलंस आणि नखाने ओढायला लागलीस. दार उघडेना. तू माझ्याकडे बघितलंस.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "ते उद्या."

तू पुन्हा ओढलंस.

"नो, नो. टुमॉरो. आज आपण फक्त बघायचं."

तू पुस्तक ढकललंस आणि त्यावर पाय दिलास. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावतात. मला आईने शिकवलं, तुझ्या बाबांना मी शिकवलं. इतकी हाडात बसलेली सवय की मी विचारच केला नाही. तुझा हात धरला, पुस्तकाला लावला, तुझ्या कपाळाला लावला. "असं करायचं नाही, बाळा. नमस्कार कर."

त्यानंतर तू जी रडलीस, ते मला अजून आठवतं. वरणभात थुंकून टाकलास. दूध सांडलंस. दुपारी दमून चपलांपाशीच झोपलीस, उठून पुन्हा रडलीस. तुझे आजोबा तुला कडेवर घेऊन गल्लीतून दोन चकरा मारून आले, तर शेजारच्या बाई विचारायला लागल्या, पोर कोणाची आणली म्हणून.

संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. मी आतल्या खोलीत जाऊन घेतला, पण तुझा आवाज दोन भिंतींतून येत होता.

"आई, ती रडतेय."

"थोडी रडतेय. पहिलाच दिवस आहे."

"जेवली?"

मी खोटं बोलणार होते, पण तोंडून "दिलं होतं" एवढंच निघालं.

"मी उद्या डॉक्टरांना सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज रडायला आलेला. मग फोन कोणीतरी काढून घेतला. चालण्याचा आवाज, दाराचा आवाज, आणि तुझी लातूरची आजी बोलायला लागली.

"विहीणबाई, खरं सांगा. पोरगी लईच रडून राहिली का?"

"सकाळपासून."

"हाव? आन काय काय केलं तुमी?"

"वरणभात दिला, दूध दिलं. पुस्तक दाखवलं."

"मग गप बसली आसंल."

"नाही. फेकलं."

"फेकलं? कसं काय? पुस्तकावर तर लई जीव हाय तिचा. हितं माझं रेशनकार्ड बी सोडलं न्हाई तिनं, उघड झाक, उघड झाक. शिवण निघाली त्याची."

तेव्हा मी तिला दारांचं सांगितलं. चिकटपट्टीचं, आणि रोज एक दार कसं ठरवलं होतं तेही. ती हसायलाच लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लेक आत पडलेली, आणि ही बाई मोठ्याने हसत होती.

"आवो विहीणबाई! दार दाखवायचं आन कडी लावून ठिवायची? नव्या सुनंला बी कुनी आसं करत न्हाई!"

"फाटतील म्हणून—"

"फाटू द्या की! कागदच हाय त्यो." मग तिचा आवाज खाली आला. "बगा, माजी लेक हट्टी हाय. उद्या ती उठून बसली तर मी काय तिला दाव्यानं बांदू? पोरीला काय म्हाईत तुमचं काय ठरलंय. जे करायचं ते आज करा. आत्ताच."

मी फोन ठेवला. मला राग आला होता, आणि राग यायला जागा नव्हती हेही कळत होतं. दिवेलागणीची वेळ होती. मी सातही पुस्तकं जमिनीवर मांडली, कात्री घेतली आणि तुझ्या आजोबांना हाक मारली.

"अहो, इकडे या. हे सोडवायला मदत करा."

ते आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी नखाने पहिल्या पट्टीचं टोक उचललं आणि ओढली. चर्रर्र.

तू रडायची थांबलीस.

दुसरी पट्टी. चर्रर्र. मी क्रमांक एकचं खाकी कव्हर धरून ओढलं. कोपरे मी इतके घट्ट दुमडले होते की ते निघेना. शेवटी फाडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाचं कव्हर फाडत होते. आवाज मोठा झाला. आतून पिवळं बदक निघालं.

तू चपलांपासून उठून तीन पावलं आलीस. आम्ही तुझ्याकडे बघितलं नाही. आजोबांनी मला डोळ्यानेच खुणावलं, बघू नकोस. तू आणखी जवळ आलीस, क्रमांक तीनवर हात ठेवलास, आणि कागद ओढलास. फाटला. तू घाबरून माझ्याकडे बघितलंस, आता ही पुन्हा हात धरते की काय म्हणून. ते तुझं बघणं मला फार लागलं. मी म्हटलं, "फाड. आणखी फाड."

"आनखी?" तू म्हणालीस. लातूरच्या आजीकडून शिकलेला शब्द. आमच्या घरात आल्यापासूनचा तुझा पहिला शब्द.

"आनखी," मी म्हटलं.

मग तू फाडलंस. सगळी कव्हरं, लेबलांसकट. कागदाच्या चिंध्या हवेत उडवल्यास, त्यांत बसलीस, एक चिंधी आजोबांच्या डोक्यावर ठेवलीस. ते तशीच ठेवून बसले. आणि चिकटपट्ट्या तूही ओढायला लागलीस. स्वयंपाकघराच्या दाराची पट्टी तू अशा जोराने ओढलीस की दारच हातात आलं. तुला हवं होतं ते उत्तर हेच. ते दार तू स्वतः काढलंस. आत एक मांजर दुधाच्या भांड्यात तोंड घालून बसली होती. तू खदखदून हसलीस. दार मी नंतर खूप शोधलं, बहुतेक त्या खाकी चिंध्यांबरोबर झाडून गेलं. तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही. तू अर्धापूरचं एक अख्खं केळं खात होतीस आणि माझ्या मांडीला टेकली होतीस. टेकली होतीस म्हणजे मुद्दाम नव्हे, तुला पुस्तकाकडे बघताना टेकायला काहीतरी हवं होतं. मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशीपासून तू पुस्तकं स्वतः निवडायला लागलीस. आता ती एकमेकांपेक्षा वेगळी दिसत होती ना. मला वाटलं होतं, आवाजाच्या पुस्तकावर तू तुटून पडशील. ती परदेशी गाय एकदा हंबरली आणि तू ते पुस्तक नेऊन संडासाबाहेर ठेवून आलीस. मेंढीची लोकर तुला आवडली, पण फक्त झोपताना गालाला लावायला. माझ्याबरोबर पहिले तीन दिवस दारांच्या पुस्तकाशिवाय दुसरं काही नाही, आणि त्यातही तेच स्वयंपाकघराचं पान. मांजर आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी दार नसलेल्या त्या चौकोनावर तू हात ठेवून झाकायचीस आणि मला विचारायचीस, कोण आहे? मी उत्तर दिलं की हात काढायचीस. बरोबर ठरलं की टाळ्या. पुन्हा झाकायचीस. मी वर्गात एक धडा सात तासिकांत संपवणारी बाई. मी त्या एका पानावर तीन दिवस होते.

आजोबांचं तुझ्याशी वेगळंच जमलं. ते चष्मा न लावता बसायचे आणि हत्तीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "ही आपली म्हैस."

"नाही! हत्ती!"

"कसला हत्ती? मी इतकी वर्षं म्हशीचं दूध पितो, मला माहीत नाही?"

"हत्ती! हत्ती आहे, आजोबा!" तू त्यांचा गाल धरून तोंड पुस्तकाकडे वळवायचीस. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. त्यांनी म्हटल्याच्या दुप्पट शब्द तू बोलायचीस, आणि त्यातला एकही माझ्या वहीतला नव्हता. एकदा मी म्हटलं, मुलीला चुकीचं शिकवू नका. ते म्हणाले, "मी कुठं शिकवतोय? ती मला शिकवतेय."

मग शेवटच्या आठवड्यात बाजाराचं पुस्तक आलं. मिरच्यांच्या ढिगापाशी तू हाऽऽ करायचीस. एका कोपऱ्यात उसाच्या गुऱ्हाळापाशी एक बाई उभी होती, पाठमोरी, निळ्या साडीतली. तू तिच्यावर बोट ठेवून म्हणालीस, "मम्मा." त्यानंतर रोज एकदा तू ते पान काढून त्या बाईला बोटाने थोपटायचीस आणि पुढे जायचीस. रडायची नाहीस. मुलांना चित्रांची पुस्तकं का द्यावीत, यावर मी बरंच वाचलं होतं. पान हातात असलं की तिथे परत जाता येतं, हे मला कुठे वाचलेलं आठवत नाही.

पण त्या आधीचं, कव्हरं फाडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आईचा फोन आला. तिने फोनवर आधी काहीच विचारलं नाही, नुसती ऐकत राहिली.

"आवाज येत नाहीये," ती म्हणाली.

"ती आजोबांना हत्ती शिकवतेय."

"रडत नाहीये?"

"नाही. दुपारी वरणभात खाल्ला, तोंडली उचलून खाली टाकली."

"फोनवर बोलवा ना तिला, आई."

मी हाक मारली. तू आली नाहीस. "आनखी" एवढंच ओरडलीस, तेही आम्हाला नाही, आजोबांना.

मग तुझ्या आईने विचारलं, "माझी आठवण काढली का?"

तिला काय ऐकायचं होतं, हे मला कळलं. काढली म्हटलं तर तिला काळजी, नाही म्हटलं तर तिला वाईट. मी जे खरं होतं ते सांगितलं. "सकाळी उठल्यावर विचारलं. मम्मा दवाखान्यात आहे, बाळ आणायला गेली आहे, असं सांगितलं. हो म्हणाली आणि दूध प्यायली."

ती रडली. पण ते कालचं रडणं नव्हतं. नाक ओढून म्हणाली, "बरं. मग मी राहते इथं."

मी फोन ठेवला आणि तुझ्या वरणभाताचा कुकर लावला.

तिने तीन आठवडे काढले. सूज उतरली, बीपी डॉक्टरांना हवं तिथे राहिलं. तुझे बाबा आले आणि थेट लातूरला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दूध तापवत असताना, त्यांचा फोन आला. तुझा भाऊ झाला होता. आई बरी होती, बाळ बरं होतं, दोघं बरी होती. हे बाबांनी तीनदा सांगितलं आणि मी तीनदा विचारलं.

आम्ही लगेच निघालो. काळ्या-पांढऱ्या चेहऱ्यांचं पुस्तक तू वाटभर मांडीवर धरलं होतंस, बाळाला दाखवायला. अहमदपूर आलं तेव्हा तू त्यातल्या एका चेहऱ्याचं नाक चाटून बघितलंस. दवाखान्याच्या दारात तुझी लातूरची आजी उभी होती. तिने तुला उचलायला हात पुढे केले, पण तू तिच्या बाजूने निसटलीस, मधल्या पॅसेजमध्ये पुस्तक टाकलंस आणि पळालीस. तुला खोली कोणी दाखवली नव्हती. तुझ्या आईने आतून तुझं नाव घेतलं असणार.

मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा तू पलंगावर चढून तिच्या कुशीत डोकं खुपसलं होतंस. बाळाकडे तू बघितलं नाहीस. माझ्याकडेही नाही. तीन आठवडे जी माझ्या पदराशिवाय झोपत नव्हती ती, मी कोण हेच विसरली होती. तुझी आई तुझ्या केसांवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, वजन वाढलंय हिचं." बाबांनी बाळ माझ्या हातात दिलं. गरम, हलकं, झोपलेलं. मी बाळाला बघितलं, परत दिलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

तुझी लातूरची आजी चहा घेऊन आली. "घ्या विहीणबाई. सुटलो बगा दोघी."

मी कप हातात घेतला, एवढं आठवतं. नंतरचं तुझे बाबा सांगतात, की मी भिंतीला डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून, भर सकाळी अकरा वाजता घोरत होते. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, नर्स येऊन गेली, लातूरचे आजोबा शेतावरून आले आणि विहीणबाईंना नमस्कार करायला माझ्यासमोर उभे राहिले, तरी मी उठले नाही. माझ्या हातातला कप तुझ्या लातूरच्या आजीने अलगद काढून घेतला आणि सगळ्यांना गप्प केलं.

"झोपू द्या त्यांना," ती म्हणाली म्हणे. "तीन हप्त्यांची झोप हाय ती."